रिकाम्या कोठीचं माप

पितळी बिल्ला, क्रमांक सतरा. दुपारी दोन वाजता खिळ्यावर.

आरगॉन उणे एकशे शहाऐंशी अंशांना द्रव होतो. त्याला रंग नाही, वास नाही.

कॅरम क्लबातल्या एका खुर्चीचा पाय तुटका आहे. दिगंबर तोडणकर तिच्यावरच बसतो.

सहा नंबरच्या कोठीला नवं अस्तर बसवून तीन दिवस झाले.

जाड ॲल्युमिनियममधून संथ न्यूट्रॉन काचेतून उजेड जावा तसा जातो. ओंजळभर पाण्यात मात्र अडखळतो.

"कुंदाताई, बिल्ला काढा आता," डॉ. सामक म्हणाल्या. "झडप तुमच्यासाठी खोळंबलीय."

सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, बारा कोठ्यांत तालुक्याची वीज साठवली जायची. उन्हाच्या जास्तीच्या विजेनं आरगॉन थंड करून द्रव करायचा, अंधार पडल्यावर तोच उकळू देऊन चक्रं फिरवायची. भरण्याआधी कोठी पुसायला माणूस उतरे. आत जाताना त्यानं बिल्ला खिळ्याला लावायचा, बाहेर येताना काढून न्यायचा. खिळे मोकळे झाल्याशिवाय झडप उघडत नसे. आत कोणी आहे का ते तपासणारं यंत्र आल्यावर हा नियम खोडायचा राहून गेला होता, आणि त्याबरोबर बावीस वर्षं बिल्ले सांभाळणारी कुंदाही.

सतरा नंबर तिच्या धाकट्या भावाचा. ती दहाला कामावर आली तेव्हा तो खिळ्यावर होता आणि अजून तिथंच होता.

"दिगू बाहेर आलेला मी पाहिला नाही, मॅडम."

"मागच्या महिन्यातही पाहिला नव्हता. आपण दोन तास भरणं थांबवलं आणि महाशय क्लबात क्वीन घेत होते."

"तेव्हापासून मला सगळे क्वीनची ताई म्हणतात." कुंदा ओशाळली. "क्लबात फोन केला. कोणी उचलत नाही."

"डाव रंगला की कोण उचलतंय."

"सहा नंबरचं दार उघडून बघितलं तर?"

"दमट हवा आत जाईल. पुन्हा सुकवायला पाच तास, तोवर ऊन जाईल. आठवडाभर ढग होते, बाकी कोठ्या कोरड्या पडल्यात. आज इस्पितळ कशावर चालवायचं?"

हाक मारून उपयोग नव्हता. कोठीच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी होती; आतून कोणी हातोडा मारला असता तरी बाहेर ऐकू आलं नसतं.

"मग पडद्यावर काय दिसतंय ते तरी समजावून सांगा."

हा प्रश्न डॉ. सामकांना आवडला. त्यांनी खुर्ची ओढून दिली.

"एकाच वेगाचे न्यूट्रॉन आत सोडतो. संथ, आणि इतके थोडे की माणसाला इजा नाही. समोरचा अणू जागच्या जागी असला तर न्यूट्रॉन त्याच वेगानं परततो. अणू हलत असला तर थोडा वेग देतो, नाहीतर काढून घेतो. मग परतणाऱ्यांचे वेग विखुरतात आणि आलेखाचं टोक पसरतं. त्याला आम्ही रुंदी म्हणतो. भिंतीला रुंदी नाही. माणसाच्या अंगात मात्र पाणी, पाण्यात हायड्रोजन, आणि न्यूट्रॉनला त्याच्याइतकं कोणी विखरत नाही. आत कोणी असतं तर इथं डोंगर दिसला असता."

"आणि हे सपाट?"

"शून्य."

"शिडी, नळ, अस्तर, यांचंही काहीतरी दिसेलच ना?"

"ते वजा करतो. रिकामी कोठी एकदा मोजून ठेवायची आणि आत्ताच्या मापातून ती वजा करायची. उरतं ते नंतर आत आलेलं."

"पण अस्तर तर बदललं."

"म्हणून नवं माप घेतलं, आज सकाळीच. दार लावणं, मोजणं, सगळं यंत्र आपोआप करतं."

"तेव्हा तिथं कोण होतं?"

"कोणीच नाही, कुंदाताई. म्हणून तर रिकामी."

कुंदाला आपल्याच प्रश्नाचं हसू आलं. तिनं बिल्ला काढून पर्समध्ये टाकला. संध्याकाळी दिगूला क्लबात सगळ्यांदेखत काय सुनावायचं, त्याची तिनं मनात जुळवाजुळव सुरू केली.

झडप उघडली. नळावर पांढरं हिम साचत गेलं.

वीस मिनिटांनी पडद्यावरची रेघ वाकली. आरगॉन चढेल तसा तिथं लहानसा उंचवटा यायला हवा होता. रेघ खाली गेली. शून्याच्या खाली, मधोमध खोल आणि दोन्ही बाजूंना पसरट.

"हा खड्डा कसला?" कुंदानं विचारलं.

डॉ. सामक पुढं वाकल्या. "असं होत नाही," त्या म्हणाल्या. "रिकाम्यापेक्षा कमी काही असूच शकत नाही. सकाळच्या मापातलं हलणारं पाणी आता हलत नसेल, तरच..."

कुंदा खड्ड्याकडे बघत राहिली. उलटा धरला असता तर तो डोंगर झाला असता. तिचा हात पर्समध्ये गेला आणि बिल्ल्यावर घट्ट मिटला.

रिकाम्या कोठीचं माप सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी घेतलं गेलं. दिगंबर तोडणकर पावणेनऊला आत उतरला होता.