न धुतलेली गाळणी

चंद्रावरच्या शिवगंगा वसाहतीत कुणाच्या नखात माती सापडली असती तर चौकशी लागली असती. हवा गाळलेली, पाणी गाळलेलं, भिंती दर आठवड्याला जंतुनाशकाने पुसलेल्या. माणसं मात्र वैतागलेली. सहा वर्षं करड्या भिंती बघून वैतागणार नाहीत तर काय करतील? शेवटी पृथ्वीवरच्या शहाण्यांना जाग आली आणि त्यांनी एक घुमटबाग मंजूर केली. बागेत तळं, तळ्यात मासे. अधीक्षक केळुसकरांनी वर आपली एक अट चिकटवली: मासे मेले की तळं बुजवायचं आणि तिथे गोदाम करायचं.

तळं आलं रेवा धायगुडेच्या वाट्याला. ती जीवाणुशास्त्रज्ञ होती, आणि निर्जंतुक वसाहतीत जीवाणुशास्त्रज्ञाला काम काय, तर नळाचं पाणी तपासून ‘जंतू नाहीत’ असं सांगत बसायचं. असल्या नोकरीला ती मनातल्या मनात रोज शिव्या घालायची. तळं हे तिचं इथलं पहिलं खरं काम होतं आणि ते ती सहजासहजी गोदामाला देणार नव्हती.

पहिली खडाजंगी गाळणीवरून झाली.

“अतिनील दिव्याची घ्या,” केळुसकर म्हणाले. “तिच्यातून काही जिवंत सुटत नाही. पाणी कसं काचेसारखं राहतं.”

“पाणी काचेसारखं दिसेल आणि त्यात मासे मरतील. साहेब, मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, दिव्याने जळत नाही आणि माशाला विष असतो. त्याला खाणारे जंतूच लागतात. जंतूंची एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते. ते माशाला सोसतं आणि झाडांना तर हवंच असतं. जीवगाळणी म्हणजे या दोन जातींची चाळ. आतले स्पंज नि छिद्रमणी म्हणजे नुसत्या खोल्या, काम करतात ते भाडेकरू.”

“म्हणजे मी इथे घाण पाळायला परवानगी द्यायची?”

“घाण म्हणा. पण तिच्याशिवाय मासे जगायचे नाहीत.”

यंत्रप्रमुख निवृत्ती काळभोर बाजूला उभे होते. वसाहतीतलं प्रत्येक यंत्र त्यांच्या हाताखालून गेलेलं. “ताई, माप सांगा,” ते म्हणाले. “तळं केवढं, त्याच्यावर गाळणी धरायची का?”

“तळ्यापेक्षा खाऊवर धरा, निवृत्तीभाऊ. जेवढं खायला घालाल तेवढा अमोनिया. माणसं लाडाने दुप्पट घालणार, म्हणून गाळणीही दुप्पट करा. आणि पंप कधी बंद ठेवायचा नाही. पाणी थांबलं की जंतू गुदमरतात.”

केळुसकरांनी नाक मुरडून सही केली. माशांबरोबर यानातून जंतूंची एक सीलबंद कुपी आली, गाळणी रुजायला दीड महिना गेला, आणि मग बाग अशी काही भरायला लागली की बाकांवरून भांडणं व्हायची. एका जाड्या नारिंगी कोई माशाचं नाव लोकांनी ‘मावशी’ ठेवलं. गेल्या वर्षी एकमेकांशी बोलणं टाकलेली दोन माणसं मावशीला खाऊ घालता घालता परत बोलू लागली. रेवा हे सगळं लांबून बघायची आणि खूश व्हायची.

खंडेनवमी आली. वसाहतीत सणाला फाटा द्यायची पद्धत होती, पण निवृत्तीभाऊंच्या कार्यशाळेत नाही. त्या दिवशी लेथपासून पान्यापर्यंत सगळं धुऊन, पुसून, कुंकू लावून मांडलं जायचं. दसऱ्याला मेजवानी झाली, माशांनाही ओंजळी भरभरून खाऊ पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवा तळ्यावर आली तर सगळे मासे पृष्ठभागाला तोंडं लावून आचके देत होते. मावशी एका कुशीवर कलली होती. रेवाने पाण्याचा थेंब परीक्षानळीत घेतला. अमोनियाच्या कसोटीचा रंग गर्द हिरवा आला, म्हणजे पाण्यात विष साचलं होतं. तिने गाळणीचं झाकण उचललं. आत छिद्रमणी दुधासारखे पांढरेशुभ्र चमकत होते, आणि झाकणावर कुंकवाचं बोट होतं.

“निवृत्तीभाऊ!”

ते धावत आले. “काय झालं, ताई?”

“ही कुणी धुतली?”

“मी की! दोन तास घासली. काय ती बुळबुळ बसली होती आत, ईऽऽ! नळाखाली धरली, एकेक मणी चोळला. मोत्यागत झाले का नाही?”

“अहो, ती बुळबुळ म्हणजेच गाळणी होती! नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो. तुम्ही अख्खी चाळ भाडेकरूंसकट मारलीत. धुवायचीच तर तळ्याचंच पाणी काढून त्यात स्पंज नुसता पिळायचा, तोही एका वेळी अर्धा.”

निवृत्तीभाऊंनी एक पांढरा मणी उचलून पाहिला. “वर्षाचा सण म्हणून जास्त मन लावून घासली हो.”

ओरडून काय उपयोग होता? सांगायला तीच विसरली होती. आपल्या माणसांना जे आवडतं ते ती आधी धुऊन काढतात, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच. तिने खाऊ बंद केला, हवेचे फुगे वाढवले. हाताशी मोजके दिवस होते. नव्या जंतूंची कुपी पुढच्या यानाने येणार, आणि तोवर इथे गोदाम उभं राहिलं असतं.

“निम्मं पाणी बदलू,” ती म्हणाली. “नळाचं भरून आणा, मी त्यातला क्लोरिन मारते.”

पाणी आलं. ओतण्याआधी सवयीने तिने त्याचीही कसोटी घेतली. अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. नायट्रेटची नळी मात्र हळूहळू लाल झाली.

तिने नळी धुतली, पुन्हा घेतलं. पुन्हा लाल.

“निवृत्तीभाऊ, आपलं मोठं जलशोधक यंत्र अमोनियाचं काय करतं?”

“आपली लघवी त्यात जाते. त्यातले शोषकमणी अमोनिया धरून ठेवतात, पाणी पुढं जातं. शेवटी क्लोरिन, मग नळ.”

“धरून ठेवतात. मग हे नायट्रेट कुठून आलं? अमोनिया कुणी खाल्ल्याशिवाय नायट्रेट होत नाही. त्या मण्यांची मुदत किती होती?”

“वर्षाची. नवे आलेच नाहीत. पण तपासणीत अमोनिया शून्य येतोय, मग बदलायचे कशाला?”

ती तपासणी रेवाच करत होती. शून्य आलं की कुणी प्रश्न विचारत नाही. तिनेही विचारला नव्हता. जंतू शोधायचे ते नळाला, जिथे क्लोरिन आधीच सगळ्यांना मारून बसलेला. नायट्रेट तर कुणी मोजतच नव्हतं, कारण यंत्र ते बनवतच नाही असं कागदावर ठरलेलं.

“हे यंत्र आतून कधी धुतलंत?”

“आतून? पाणी बंद ठेवायला साहेब कधी परवानगीच देत नव्हते. बाहेरून पुसून हार घालत आलो. यंदा मात्र दिलीय. रविवारी उघडणार आहे.”

“आज उघडायचं. आणि धुवायचं नाही.”

बातमी केळुसकरांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. झाकण निघालं तेव्हा ते तिथे हजर होते. आत शोषकमणी दिसतच नव्हते. सगळीकडे जाड, तपकिरी, थुलथुलीत गाळ पसरला होता. त्याला ओल्या मातीचा वास येत होता. रेवाने तो छाती भरून घेतला.

केळुसकरांनी नाकाला रुमाल लावला. “हे आत्ताच्या आत्ता निर्जंतुक करा. नियम स्पष्ट आहे.”

“करा की! मणी पाच वर्षांपूर्वी मेले. तेव्हापासून तुमच्या सगळ्या वसाहतीचं पाणी हा गाळ शुद्ध करतोय. उरलेलं नायट्रेट भाजीच्या वाफ्यांना जातं, म्हणून तर आपली मेथी एवढी माजते. हा धुतलात तर चार दिवसांत आपलीही गत त्या माशांसारखी होईल. त्यांच्याकडे निदान बघायला मी आहे, साहेब. आपल्याकडे कोण बघणार?”

“हे जंतू आले कुठून? आपण तर सगळं...”

“आपल्याच अंगावरून, नाहीतर पहिल्या यानाच्या पाइपातून. माणूस आला तिथे हे आले. तुम्ही निर्जंतुक म्हणत होता ती वसाहत कधीच निर्जंतुक नव्हती. म्हणूनच आपण जगलो. यातले थोडे तळ्याला मिळाले तर मासेही जगतील.”

केळुसकरांनी कोपऱ्यातल्या नळाखाली पेला धरला, तो उजेडात उचलून पाहिला आणि डोळे मिटून सगळा पिऊन टाकला.

“चव कालचीच आहे,” ते म्हणाले. “रविवारचं धुणं रद्द. धायगुडे, तुम्हाला किती गाळ हवाय?”

दोन बादल्या हवा होता. निवृत्तीभाऊंनी त्या पोटच्या पोराला आणावं तशा जपून आणल्या आणि तळ्याच्या गाळणीत स्वतःच्या हाताने ओतल्या. दुसऱ्या दिवशी हिरवा रंग फिका झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी फिका. दोन लहान मासे गेले. बाकीचे खाली सरकले. आठवडा संपता संपता मावशीने कुणाच्या तरी हातातून बिस्किट ओढून नेलं आणि बागेत टाळ्या पडल्या. गोदामाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

केळुसकर आता रोज संध्याकाळी बागेत यायला लागले. मासे बघायचे, पण मन यंत्रघराकडे असायचं. एकदा रेवा आणि निवृत्तीभाऊ बाकावर बसले असताना ते त्यांच्या बाजूला येऊन बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “धायगुडे, आपल्या त्या गाळाला काही कमी नको पडायला. खत, खुराक, काय लागेल ते सांगा. पुढच्या यानाने मागवून घेतो.”

“काही मागवू नका,” रेवा म्हणाली. “त्याला लागतं ते तुम्ही रोज सकाळी उठल्या उठल्या देताच, साहेब.”

केळुसकरांना कळायला क्षणभर लागला. निवृत्तीभाऊ मात्र तोवर बाक सोडून पोट धरून हसत होते.