एक वर आहे

ही घटना खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी वाद घालत बसणार नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मामा. एकदम रुक्ष माणूस. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की जांभई देऊन झोपायला जाणारा.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भरदुपार होती. लख्ख ऊन पडलं होतं.

म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

मामा लांब पल्ल्याच्या रायफल रेंजवर रेंज ऑफिसर होता. ज्यांनी रेंज पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. एका टोकाला नेमबाज पालथे पडून नेम धरतात. नऊशे मीटरवर दुसऱ्या टोकाला टार्गेटं. टार्गेटांच्या पायाशी खोल खंदक, त्याला समोरून जाड भिंत, भिंतीपुढे मातीचा बांध. खंदकात माणसं उभी असतात. गोळी लागली की टार्गेट खाली ओढायचं, जुनं भोक कागद चिकटवून बुजवायचं, नव्या भोकात चकती लावायची आणि टार्गेट परत वर सोडायचं. म्हणजे नेमबाजाला कळतं गोळी कुठे लागली ते. हे सगळं चालतं तेव्हा गोळ्या डोक्यावरून जात असतात. डोकं भिंतीच्या वर काढायचं नाही, एवढंच सांभाळायचं.

दोन्ही टोकांमध्ये एक जुना फोन. नंबर नाही, बटणं नाहीत. एकीकडे हँडल फिरवलं की दुसरीकडे घंटा वाजते.

गोळीबार सुरू करण्याआधी मामा त्यावर विचारायचा, "सगळे खाली?"

खंदकातून उत्तर यायचं, "सगळे खाली."

मगच लाल झेंडा वर चढायचा.

आणखी एक नियम होता. 'सुरू करा' म्हणायचा अधिकार फक्त मामाचा. 'थांबवा' मात्र कोणीही म्हणू शकतं. नवखा म्हणो, झाडूवाला म्हणो. ऐकू आलं की बोटं ट्रिगरवरून बाहेर, रायफल रिकामी, बोल्ट उघडा, सगळे मागे. मामा प्रत्येक नव्या माणसाला बजावायचा, "आधी थांबायचं. कारण नंतर विचारायचं."

घरीसुद्धा तेच. मामीने गॅस पेटवायला लायटर उचलला की हा दारातून ओरडणार, "सगळे खाली?" मामी म्हणायची, "तुमचा झेंडा बाहेर लावा, माझी कढई तापायचीय." आणि चिंगी खो खो हसत सुटायची.

चिंगी म्हणजे माझी मामेबहीण, मामाची एकुलती एक. तोंडाला कुलूप कसं ते तिला माहीत नव्हतं. झोपेतही बडबडायची. मामाचा जीव की प्राण.

त्या दिवशी स्पर्धेची अंतिम फेरी होती. खंदकातला एक माणूस तापाने आडवा झाला आणि चिंगी हट्टाला पेटली, "मी जाते ना बाबा! कागद चिकटवायला काय अक्कल लागते?"

"डोकं खाली ठेवायला लागते," मामा म्हणाला.

पण खंदकात ठिगळेकाका होते. खंदकाचे प्रमुख. आयुष्यभर गोळ्यांची भोकं बुजवली म्हणून सगळे त्यांना ठिगळेकाका म्हणायचे. ते म्हणाले, "पोरगी माझ्याजवळ उभी राहील. निश्चिंत राहा." तीन नंबरचं टार्गेट तिला मिळालं. पिवळा शर्ट घालून, हात हलवत ती जीपमधून गेली.

मामाने विचारलं, "सगळे खाली?"

"सगळे खाली," ठिगळेकाकांचा आवाज.

लाल झेंडा चढला. गोळीबार सुरू झाला.

थोड्याच वेळात फोनची घंटा वाजली.

मामाने उचलला. आधी नुसती खरखर… मग कोणीतरी कुजबुजलं.

"थांबवा… एक वर आहे."

"थांबवा!" मामा ओरडला. रायफली थांबल्या. बोल्ट उघडले. पांढरा झेंडा चढला. मामाने हँडल फिरवलं.

"कोण वर आहे?"

"वर? कोणीच नाही," ठिगळेकाका म्हणाले. "सगळे इथेच आहेत. का थांबवलंत?"

"तुमच्याकडूनच तर फोन आला."

"साहेब, फोन माझ्या शेजारी आहे. कोणी हातही लावला नाही."

मामाला वाटलं, कोणीतरी थट्टा केली. रागावला, पण पुन्हा विचारून घेतलं. सगळे खाली. पुन्हा सुरुवात केली.

आणि पुन्हा घंटा.

"थांबवा… एक वर आहे."

या वेळी मामाने सगळं बंद करून स्वतः जीप काढली. खंदकात उतरला. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून माणसं मोजली. एकही कमी नव्हता, एकही जास्त नव्हता. चिंगीच्या बोटांना खळ लागली होती. नाकावरही लागली होती. त्याने ती रुमालाने पुसली.

"बाबा, सगळ्यांसमोर काय!" ती लाजून ओरडली.

"तू वर डोकावली होतीस?"

"नाही हो. तुमची शपथ."

मामाने बांधावर चढून पाहिलं. नुसतं सुकलेलं गवत. वारा इतका होता की टोपी धरून उभं राहावं लागलं. खाली खंदकात मात्र पानही हलत नव्हतं.

हे त्याच्या ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

तो परत आला. नेमबाज वैतागले होते. क्लबचे सेक्रेटरी घड्याळ पाहत येरझाऱ्या घालत होते. मामाने विचारलं, उत्तर आलं, झेंडा चढला. गोळीबार सुरू होतो न होतो तोच तिसऱ्यांदा घंटा वाजली.

"थांबवा…"

आणि आता मामाला तो आवाज नीट ऐकू आला. शब्दांच्या मागचा… वाऱ्याचा. सूं सूं असा. मोकळ्यावर उभं राहून बोलल्यासारखा.

खंदकात तर वाराच नव्हता.

त्याने पुन्हा थांबवलं. आता मात्र सेक्रेटरींचा तोल गेला.

"अहो, झालंय काय तुम्हाला? ऊन उतरायला लागलं. लोक कुठून कुठून आलेत. ती वायर जुनी झालीय, काहीही आवाज येतात. उपटून टाका! वॉकीटॉकी आहे ना?"

"साहेब, थांबवा म्हटल्यावर…"

"कोण म्हणतंय? माणूस दाखवा. माणूस दाखवा, मी स्पर्धा रद्द करतो."

मामाकडे दाखवायला माणूस नव्हता. सगळे त्याच्याकडे पाहत होते. काही जण तोंड लपवून हसत होते. त्याने खाली वाकून फोनची वायर काढली आणि वॉकीटॉकी उचलला.

"सगळे खाली?"

"सगळे खाली," ठिगळेकाका. मागून चिंगीचा आवाज आला, "बाबा, होऊ द्या ना आता. भूक लागलीय मला."

तो आवाज ऐकून त्याला बरं वाटलं. पोरगी खाली आहे, आणखी काय पाहिजे? त्याने झेंड्याला खूण केली.

"सुरू करा."

पायाशी पडलेला फोन वाजला.

वायर काढलेला फोन…

मामा सांगतो, पुढे फोन वाजत राहिला आणि कोणी मान वळवूनही पाहिलं नाही. तो त्याला एकट्यालाच ऐकू येत होता. त्याने फोन उचलला नाही. दुर्बिणीला डोळा लावला.

तीन नंबरच्या टार्गेटपुढे बांधावर चिंगी उभी होती.

पिवळा शर्ट वाऱ्याने फडफडत होता. तिने दोन्ही हात वर केले होते. ती त्याच्याकडेच पाहत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

"थांबवा!"

तो बेंबीच्या देठापासून ओरडला. पण एक गोळी सुटली होती. नऊशे मीटर म्हणजे गोळीला सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो. मामा म्हणतो, तेवढ्या वेळात मी सगळं पाहिलं. काहीच करता आलं नाही. सुटलेल्या गोळीला थांब म्हणता येत नाही.

मग बांध रिकामा झाला.

तीन नंबरचं टार्गेट खाली गेलं. थोड्या वेळाने वर आलं. चकती अगदी मधोमध लागली होती. नेमबाजाच्या दोस्तांनी टाळ्या वाजवल्या.

"चिंगी!" मामा वॉकीटॉकीत किंचाळला. "चिंगी!"



"मी खाली आहे, बाबा."

सगळे खाली होते. कोणाला खरचटलंही नव्हतं. दुर्बिणी तर पाच-सहा जणांच्या हातात होत्या, कोणी काही पाहिलं नव्हतं. सेक्रेटरींनी मामाला सावलीत बसवून पाणी दिलं, म्हणाले ऊन लागलं. चिंगी जीपमधून उतरली तेव्हा मामा सगळ्यांदेखत तिला मिठी मारून रडला.

ती लाजली नाही. उभी राहिली नुसती.

घरी आल्यावर जेवली. झोपली. सगळं ठीक होतं, फक्त ती झोपेत बडबडायची थांबली. मामी म्हणाली, बरं झालं, वयात आली. मग हळूहळू लक्षात आलं की तिने वरच्या मजल्यावरची खोली सोडलीय. खालीच झोपते. गच्चीवर कपडे वाळत घालायला जात नाही. कारण विचारलं तर म्हणते, "खाली बरं आहे."

एकदा मामीने लायटर उचलला. मामा सवयीने काही बोलणार, त्याआधीच स्वयंपाकघरातून चिंगीचा सपाट आवाज आला.

"सगळे खाली."

कोणी विचारलंच नव्हतं.

मामाने पुढच्या आठवड्यात रेंजवर जाऊन तो फोन शोधला. सामानाच्या खोलीत पडला होता. उचलून कानाला लावला. आत वारा वाहत होता.

"थांबवा… एक वर आहे."

या वेळी त्याने आवाज ओळखला. तो म्हणतो, पहिल्याच वेळी ओळखायला हवा होता. बापच ना मी?

"चिंगी?"

"हो बाबा. थांबवा ना…"

त्या दिवशी रेंज बंद होती. गोळीबार नव्हता, नेमबाज नव्हते. माझ्या रुक्ष मामाने हे मला सांगितलं तेव्हा तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. "काय थांबवू गं? काय थांबवायचं राहिलंय, ते तरी तिने सांगावं."

त्यानंतर त्याने लाल झेंडा चढवायला नकार दिला. कारण काय सांगणार? मुलगी मधे आहे? मुलगी तर घरात भाजी चिरत बसलीय. डॉक्टर झाले, औषधं झाली. शेवटी क्लबने दुसरा ऑफिसर नेमला. मामा एवढंच विनवत होता, की तीन नंबरचं टार्गेट तरी लावू नका. त्यांनी हो म्हटलं. लोक आजाऱ्याला हो म्हणतात तसं.

परवाच्या रविवारी नव्या ऑफिसरची पहिली स्पर्धा होती. मामाजवळ कोणीतरी असावं म्हणून मी गेले होते. रेंज घरापासून लांब आहे, पण वारा इकडचा असला की ऐकू येतं. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो. तो फोन मामाने घरी आणून ठेवलाय, कोपऱ्यातल्या स्टुलावर. वायर त्याच्याभोवती गुंडाळलेली.

लांबून पहिला आवाज आला. धप्प.

मामाने डोळे मिटून घेतले. आणि फोन वाजला.

मीही ऐकला. आईशप्पथ सांगते, मी ऐकला…

मामा उठला नाही. तो नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मी उठले, स्टुलापाशी गेले, हात पुढे केला.

स्वयंपाकघरात चिरण्याचा आवाज थांबला.

"राहू दे," चिंगी आतून म्हणाली. "राँग नंबर असेल."

त्या फोनला नंबरच नाही.

मी हात मागे घेतला. लांबून धप्प, धप्प येत राहिलं आणि फोन वाजत राहिला. मग एका धप्पनंतर घंटा मधेच तुटली.

चिरण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.