उतार सुरू होण्याआधी

उधव्याकडून तलासरीला उतरताना, शेवटच्या वळणाच्या अलीकडे, प्रगतीला जळका वास आला. कुणी बांधावरचं गवत पेटवलं असेल असं तिला आधी वाटलं. मग खिडकीतून वाकून पाहिलं, तर पुढच्या चाकातून धूर येत होता.

तिने गाडी कडेच्या सपाट जागेत घेतली. गाडी जुनी होती, डिझेलची, ऑटोमॅटिक. मुंबईच्या एका डॉक्टरांनी ती प्रगतीच्या संस्थेला दिली होती. मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये फिरती प्रयोगशाळा होती – भिंगं, काचेच्या नळ्या, एक दुर्बीण. आश्रमशाळांतून प्रयोग दाखवत फिरणं हे प्रगतीचं काम. गाडी चालवणं तिचं काम नव्हतं. पण क्लच नसलेल्या गाडीला हात लावायला आशागडचा एकही ड्रायव्हर तयार झाला नव्हता.

समोरून गवताने लादलेला टेम्पो येऊन थांबला. उंच, सावळा, केसांत गवताच्या काड्या अडकलेला एक तरुण पाण्याचा कॅन घेऊन धावत आला.

‘‘थांबा! पाणी नको!’’ प्रगती ओरडली. ‘‘ब्रेकची डिस्क तापलीय, तडकेल.’’

तो कॅन उचललेल्या हाताने तसाच थांबला. ‘‘मग काय करू, मॅडम? फुंकर घालू?’’

तिला हसायचं नव्हतं. तरी हसू आलंच.

तो उकिडवा बसून चाकाकडे बघत राहिला. ‘‘अख्खा उतार ब्रेकवर उतरवलात. गिअर का नाही पाडला?’’

‘‘ऑटोमॅटिक आहे. गिअर तिचे ती बदलते.’’

‘‘पण पुढे उतार आहे,’’ तो म्हणाला, ‘‘हे तिला कुठे माहीत होतं?’’

एम.एस्सी.ला प्रगती भौतिकशास्त्र शिकली होती. ब्रेक दाबला की वेगाची उष्णता होते, हे ती कुणालाही फळ्यावर मांडून दाखवू शकली असती. पण गाडीला रस्ता दिसत नाही, ही इतकी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती.

चाक निवेपर्यंत दोघांनी मिळून गाडीचं पुस्तक वाचलं. ती वाचत होती, तो खांद्यावरून बघत होता. दांडा डावीकडे सरकवला की गिअर आपल्या हातात येतो. उतार सुरू होण्याआधीच तिसरा, गरज पडली तर दुसरा लावायचा. आणि मागे ट्रेलर असेल तेव्हा दाबायचं एक वेगळं बटण.

‘‘ते कशाला?’’

‘‘ओझं असलं की चढावर गाडीचं सारखं मन बदलतं. चौथा, पाचवा, परत चौथा. हे बटण दाबलं की घेतलेला गिअर ती लवकर सोडत नाही.’’

‘‘माणसांना असतं का असं बटण?’’ त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं.

त्याचं नाव उमेश. डोंगराकडच्या पाड्यावर घर, थोडं भात, थोडी नागली. गवताचे चार महिने टेम्पो. उरलेले आठ महिने अच्छाडच्या नाक्यावर दुसऱ्यांच्या ट्रकवर बदली ड्रायव्हर. निघताना त्याने मान खाजवत विचारलं, ‘‘मॅडम, मला शिकवाल ही? मस्कतच्या एका कंपनीची परीक्षा आहे जानेवारीत. तिकडे सगळे ट्रेलर ऑटोमॅटिक.’’

दोन हजार सतराची दिवाळी नुकतीच झाली होती. संस्थेला शनिवारी ड्रायव्हर हवाच होता. प्रगती हो म्हणाली. त्या वेळी त्यात काही अवघड नव्हतं.

मग शनिवारांना एक वेगळाच वास येऊ लागला... कापलेल्या गवताचा, डिझेलचा, त्याने चिखले गावाहून रुमालात बांधून आणलेल्या चिकूंचा. तो चालवायचा, ती शेजारी पुस्तक उघडून बसायची. पुस्तकाचं पान फारसं उलटायचं नाही.

तिसऱ्या शनिवारी त्याने घोळ केला. उतार लागला आणि गप्पांच्या नादात त्याचा हात सवयीने दांड्यावर गेला. गाडी न्यूट्रलला! डिझेल वाचवायला इथले सगळे ड्रायव्हर उतारावर हेच करतात. इंजिनचा आवाज मेला, आणि मागच्या ट्रेलरने गाडीला असं ढकललं की प्रगतीच्या मांडीवरचं पुस्तक खाली पडलं.

‘‘ड्राइव्ह! डी-त टाक!’’ तिने त्याच्या हातावर हात ठेवून दांडा ओढला. ‘‘आता ब्रेक... हळू. सोड. परत. आता तिसरा.’’

इंजिन मोठ्याने घुमलं. ट्रेलरची वळवळ थांबली.

‘‘ओरडतंय किती,’’ तो पुटपुटला.

‘‘ओरडू दे. त्यानेच धरून ठेवलंय आपल्याला.’’

उतार संपला. तिचा हात अजून त्याच्या हातावरच होता. दोघांनाही ते कळलं होतं, पण आधी कुणीच हलेना.

‘‘मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘मघाशी मला ‘टाक’ म्हणालात.’’

‘‘घाईत होते.’’

‘‘घाईत बऱ्या वाटता.’’

डिसेंबरात एकदा त्याच्या आईने, हिराबाईने, प्रगतीला जेवायला थांबवलं. नागलीची भाकरी तव्यावर टाकता टाकता ती म्हणाली, ‘‘नको शिकवू ना गं बाय त्याला. शिकला का जाल तो.’’ एवढंच. वर ‘‘अजून घे’’ म्हणून तिने भाकरी वाढली. उमेश बाहेर टायर तपासत शीळ घालत होता. तो जाणार हे प्रगतीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकल्यावर ते खरं झालं.

त्यानंतरच्या शनिवारी त्याने उतारावर गाडी उभी केली. पाय ब्रेकवर, दांडा थेट पी-त, म्हणजे पार्किंगला, मग हँडब्रेक. निघताना दांडा ओढला तेव्हा आतून ‘खट्‌’ असा दणका बसला.

‘‘हा आवाज कसला, मॅडम?’’

तिला माहीत होतं. ट्रेलरसकट सगळा भार हँडब्रेकऐवजी गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर आला होता. उतारावर ओझं घेऊन गाडी कशी उभी करता, हेच परीक्षक हमखास बघणार, हेही तिला माहीत होतं.

‘‘जुनी गाडी आहे,’’ ती म्हणाली.

पुढच्या शनिवारीही खट्‌ झालं. आणि त्याच्या पुढच्याही. दर वेळी ती खिडकीबाहेर बघायची. कधीच चुकीचं माप न लिहिणारी प्रगती, एक आवाज न ऐकल्यासारखं करत होती. घरी उशीवर डोकं टेकलं तरी तो आवाज छातीत वाजायचा. आणि त्याच्याच मागोमाग डोळ्यांपुढे यायचे ते त्याच्या केसांतल्या गवताच्या काड्या...

परीक्षेआधीचा शेवटचा शनिवार. थंडीचं ऊन, ताडांच्या लांब सावल्या. उमेशने उतारावर गाडी उभी केली आणि दांडा पी-त टाकायला हात नेला.

‘‘थांब.’’

तो थांबला.

‘‘आधी एन, न्यूट्रल. मग हँडब्रेक ओढ, घट्ट. आता पाय हळूच उचल... भार हँडब्रेकवर येऊ दे. बसला? आता परत ब्रेक दाब, आणि मग पी.’’

त्याने तसं केलं. गाडी बोटभर पुढे सरकली आणि थबकली. मग त्याने दांडा परत काढून पाहिला. काहीच आवाज झाला नाही.

‘‘आयला!’’ तो हसला. मग त्याचं हसू हळूहळू विरलं. ‘‘हे तुम्हाला आज सुचलं?’’

‘‘नाही.’’

‘‘विसरला होतात?’’

‘‘नाही, उमेश.’’ तिने समोरच्या काचेकडे बघत सांगितलं. ‘‘तो आवाज पहिल्यांदा झाला तेव्हाच कळलं होतं. हे चुकलं असतं तर तू नापास झाला असतास. मला... मला तेच हवं होतं.’’

बाहेर कुठेतरी गवत कापणाऱ्या बायका हसत होत्या. उमेश बराच वेळ स्टिअरिंगवरची शिवण बोटाने चाचपत राहिला.

‘‘मग आज का सांगितलंत?’’

‘‘तुला परत आणायचं तर आधी जाऊ द्यायला हवं. खोटं सांगून अडवलेला माणूस मला नको.’’

‘‘मनातलं आधी बोलला असतात,’’ तो हलकेच म्हणाला, ‘‘तर मी स्वतःहूनच नापास झालो असतो.’’

‘‘म्हणूनच नाही बोलले.’’

तो तिच्याकडे वळला. इतक्या शनिवारांत पहिल्यांदा तो मॅडम म्हणाला नाही. ‘‘प्रगती, दोन वर्षांचा करार आहे. परत येईन तेव्हा तुला एक गोष्ट विचारायचीय.’’

‘‘आत्ता विचार.’’

‘‘आत्ता विचारली तर पाय निघणार नाही माझा.’’

तिने मान हलवली. मग त्याच्या केसांतली एक काडी काढली, बोटांत फिरवली, आणि खिडकीबाहेर सोडून दिली.

‘‘हो,’’ ती म्हणाली.

‘‘काय हो?’’

‘‘तू जे विचारणार आहेस ना, त्याला.’’

‘‘अगं, प्रश्न तरी ऐक!’’

‘‘तू आल्यावर ऐकेन,’’ प्रगती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज अगदी स्थिर होता. ‘‘उत्तर बरोबर घेऊन जा.’’