बाहेरची कडी

हे मी कोणाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. मला गोष्टी रचता येत नाहीत. चाळीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. मध्येच अडकलेल्या माणसांना बाहेर काढलं. त्या कामात खोटं चालत नाही. तार तुटली तर तुटली म्हणायचं.

जे झालं ते गेल्या महिन्यातल्या एका बुधवारी झालं. भर दुपारी सवातीनला. बाहेर लख्ख ऊन होतं.

गावाबाहेर माझं दोन खोल्यांचं घर आहे. पुढची खोली, मागची खोली, दोन्हींच्या मध्ये एक दार.

त्या दाराला बाहेरून कडी नाही.

हे लक्षात ठेवा. कडी नाही. कधीच नव्हती.

हे घर बांधायचं बायकोच्या मनात होतं. सहा वर्षं ती मागे लागली होती. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत तिचा जीव गुदमरायचा. मी टाळत राहिलो. इथे काम आहे, दवाखाना पाच मिनिटांवर आहे, तिकडे रात्री-अपरात्री काही झालं तर कोण धावून येणार? माझं हे पाठ झालेलं भाषण होतं. शेवटी जमीन घेतली, भिंती उभ्या राहिल्या, तरी मी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करतच होतो.

तिची एकच अट होती. "अहो, तिथे कुठल्याच खोलीला बाहेरून कडी नको."

त्याला कारण होतं. शहरातल्या आमच्या दाराची आतली खिटी तुटलेली. दार वाऱ्याने सताड उघडायचं. मी मेकॅनिक, पण घरची खिटी बावीस वर्षं 'उद्या बसवतो'वर राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. तिला पहाटे कुठे डोळा लागायचा. मी पाचला कामावर निघायचो तेव्हा तिला उठवायचो नाही. बाहेरून कडी घालून जायचो. समोरची मावशी सातला दूध घेऊन वर आली की कडी काढायची. बायकोला त्याआधी जाग आली तर ती आतून दार ठोकायची. तीन ठोके... मग थांबून तीन. मावशीला ऐकू जायचं.

मावशी नसेल आणि मीच येऊन कडी काढली, तर मी लिफ्टमधल्या लोकांना म्हणतो तेच म्हणायचो. "घाबरू नका, मी आलोय."

ती आतून म्हणायची, "आज किती वेळ लावलात, लिफ्टवाले?"

मग एक दिवस मावशी नव्हती. भावाकडे गेली होती.

बायकोच्या छातीत कळ आली. तिने मला सहा फोन केले. मी एका इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात होतो. फोन वर पिशवीत. एक बाई अडकली होती, तिला मी चाळीस मिनिटांत सोडवलं. ती हात जोडून रडत होती. वर आल्यावर मी घरी फोन लावला. दोनदा. उचलला नाही. वाटलं, भाजी आणायला खाली उतरली असेल. मी पुढच्या कामाला गेलो.

घरी पोचलो तेव्हा सवातीन वाजले होते. कडी मी घातली होती तशीच होती.

दार उघडेना. आतून जड लागत होतं. ती दारालाच टेकून बसली होती.

डॉक्टर म्हणाले, नऊच्या सुमाराला गेली. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, ठोकल्याचा आवाज येत होता, मला वाटलं कोणीतरी खिळा ठोकतंय.

लेकीने मला विचारलं, "मावशी कुठे होती?" मी म्हणालो, "न सांगता गेली." त्यानंतर लेक मावशीशी एक शब्द बोलली नाही. आमच्या मजल्यावरचंही कोणी तिच्याशी धड बोललं नाही.

दोन महिन्यांनी मी एकटाच इथे राहायला आलो. शहरातली खोली सोडलेली नव्हती. मालक म्हणाला होता, महिनाअखेरीपर्यंत कळवा. लेक रोज फोनवर तेच म्हणायची, बाबा, एकटे तिथे काय करणार, परत या. मलाही पटायचं. इथे संध्याकाळी कुत्रंसुद्धा भुंकत नाही. कोणाशी बोलायचं तर दुकानापर्यंत वीस मिनिटं चालावं लागतं. जिच्यासाठी घर बांधलं तीच नाही. मग मी इथे कशाला?

पहिला आवाज आला तो पाचव्या दिवशी.

जेवून मागच्या खोलीत आडवा झालो होतो. डोळा लागत होता. आणि...

खळ्ळ... खट्.

जुनी लोखंडी कडी सरकून कोयंड्यात पडते, तसा.

उठून दार ओढलं. उघडलं नाही. पुन्हा ओढलं. नाही. तिसऱ्यांदा ओढलं तर सहज उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. घड्याळात सवातीन.

मनाला समजावलं, लाकूड नवं आहे, फुगलं असेल.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम अंगणात जाऊन बसलो. मागची खोली रिकामी. दार मी स्वतः लोटून घेतलं होतं. सवातीन झाले. पाखरांचा आवाज एकदम बंद पडला.

मग आतून...

तीन ठोके.

थांबून तीन.

मी जागचा हललो नाही. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधी बेल दाबतो. मग ओरडतो. मग ठोकतो. आणि मग गप्प होतो. आम्हाला शिकवलेलं असतं, माणूस गप्प झाला की पळायचं. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी उठलो नाही.

थोड्या वेळाने ते गप्प झालं.

मी सुताराला बोलावलं. दार त्यानेच बनवलं होतं. मोकळा माणूस, सारखा बडबडणारा. म्हणाला, "काका, शहरातली माणसं दाराला फार भितात. चोराने तुमच्या घरातून न्यायचं काय? तोच काहीतरी ठेवून जाईल." मी हसलो. तो रंधा काढून दाराच्या बाहेरच्या बाजूला वाकला आणि बोलायचा थांबला.

"कडी कधी लावली होती?"

"लावलीच नाही."

त्याने मला जवळ बोलावून दाखवलं. दारावर, छातीच्या उंचीला, एक खोल अर्धगोल चर होता. कडी वर्षानुवर्षं फिरून लाकडावर घासते, तसा. आमच्या शहरातल्या दारावर हुबेहूब असाच होता, बावीस वर्षांचा.

सुतार चरावरून बोट फिरवत म्हणाला, "दार देऊन चार महिने झालेत. माझ्या हाताने पॉलिश केलंय." मग त्याने रंधा पिशवीत टाकला. मजुरी विचारली तर नको म्हणाला.

त्याच रात्री मी ठरवलं, बास झालं. बुधवारी चारच्या एसटीने परत जायचं. लेकीला कळवलं. ती खूश झाली. म्हणाली, स्टँडवर घ्यायला येते.

बुधवारी पिशवी भरून पुढच्या दाराशी ठेवली. फोन पिशवीवर ठेवला. चपला घातल्या. मग आठवलं, बायकोचा फोटो मागच्या खोलीतच राहिला. तो आणायला आत गेलो. सुतार जाताना कडेला पडलेली वीट देऊन गेला होता, ती उघड्या दाराला अडसर म्हणून लावली. एवढी काळजी घेतली.

फोटो खिळ्यावरून काढला. पाठीमागे वीट घासल्याचा आवाज आला. हळू. कोणीतरी पायाने सरकवल्यासारखा.

दार लागलं.

खळ्ळ... खट्.

मी धावत जाऊन ओढलं. एकदा, तीनदा, दहादा. पाय भिंतीला लावून ओढलं. दार भिंतीसारखं. खिडकीला गज. बाहेर मोकळं रान, माणूस नाही. ओरडलो. माझाच आवाज मला परका वाटला.

पुढच्या खोलीत फोन वाजायला लागला. लेक असणार. वाजून थांबला. पुन्हा वाजला. पाच पावलांवर फोन होता आणि मला उचलता येत नव्हता.

मी मोजत होतो. सहा वेळा वाजला.

मग मी ठोकायला लागलो. तेव्हा कळलं, मीही तीनच ठोके देतोय. तीन... थांबून तीन.

लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला. मग तोही गेला. घाम आटला, घशाला कोरड पडली. मी दाराला पाठ लावून खाली बसलो. ती बसली होती तसाच.

आणि गप्प झालो.

तेव्हा दारापलीकडे काहीतरी जाणवलं. आवाज नव्हता. दुसऱ्या बाजूने कोणी पाठ टेकली की लाकूड किंचित दबतं, तेवढंच.

मी बोलायला सुरुवात केली. कोणाशी ते विचारू नका.

म्हणालो, "मावशी न सांगता गेली नव्हती. आदल्या संध्याकाळी मला जिन्यात भेटली होती. म्हणाली, भाऊ, उद्या मी नाहीये, कडी घालू नका. मी कामाच्या फोनवर होतो. बरं म्हणालो. आणि पहाटे सवयीने हात गेला. कडी मी घातली. मला सांगितलेलं असताना घातली."

हे मी तोवर कोणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा पुरतं नाही.

बराच वेळ काही झालं नाही. मग वर, माझ्या डोक्यापाशी, कडी निघाल्याचा आवाज आला. अगदी सावकाश. दार माझ्या पाठीला ढकलत बोटभर उघडलं.

मी वाट बघितली. आज किती वेळ लावलात, असं कोणीतरी म्हणेल म्हणून.

कोणी म्हणालं नाही.

बाहेर आलो तर पाच वाजले होते. वीट दारापासून लांब, भिंतीशी नीट लावून ठेवलेली होती. फोनवर लेकीचे कॉल होते. मी लावला.

ती चिडलेली होती. "बाबा, एकदा उचललात, मग बोलला का नाहीत?"

"मी उचलला नाही."

"साडेतीनला उचललात. मी हॅलो हॅलो करतेय आणि तुम्ही नुसते ठोकताय. तीनदा, मग थांबून तीनदा. मला वाटलं, खिळा ठोकताय."



मग मी तिला सगळं सांगितलं. जिन्यातलं, पहाटेचं.   ती म्हणाली, "आधी मावशीला सांगा," आणि ठेवून दिला.

मावशीला फोन लावायला मला दोन दिवस लागले. सांगून झाल्यावर मी तिच्या शिव्यांची वाट बघत होतो. ती म्हणाली, "मला काय सांगता, भाऊ? मीच तर तुम्हाला सांगितलं होतं."

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सगळ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, तरी तिने तोंडातून एक शब्द काढला नाही. का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुमचं आधीच सगळं गेलं होतं."

शहरातली खोली मी सोडली. मालकाला चावी लेकीने माझ्याशी न बोलताच नेऊन दिली. त्या दारासमोर मला पुन्हा उभं राहायचं नव्हतं. इथलं दार निदान काढून टाकता येत होतं. सुतार यायला तयार नव्हता, म्हणून मीच बिजागऱ्या खोलल्या आणि दार अंगणात पालथं टाकलं. आता दोन्ही खोल्यांच्या मध्ये नुसती चौकट आहे. त्यातून पुढची खोली दिसते, उघडं दार दिसतं, रस्ता दिसतो.

लेक महिनाभर बोलली नाही. परवा बोलली. म्हणाली, आता तिथे बरं वाटतं ना? मी हो म्हणालो.

पण इथे येऊन बरं केलं की वाईट, ते मला अजून कळत नाही. कारण आजही, रोज सवातीनला, त्या रिकाम्या चौकटीत...

खळ्ळ... खट्.

मी मागच्या खोलीत असेन तर उठून चौकटीपर्यंत जातो. समोर काही नाही. हात पुढे केला तर जाईल. पण मी करत नाही. खाली बसतो, चौकटीला पाठ लावून, आणि थांबतो.

कधी दहा मिनिटं. कधी अंधार पडेपर्यंत.

कोणीतरी येऊन काढेपर्यंत.