नाव नसलेल्या ड्राइव्हचे ठोके

पटो वा न पटो, ही घडलेली गोष्ट आहे. पदरचं एक अक्षरही घातलं, तर वर देव बघतोय.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रविवारची भर दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं.

घडली ती माझ्या मावशीच्या यजमानांच्या बाबतीत, म्हणजे आमच्या काकांच्या.

काकांचा नादच जगावेगळा. पूर्वी घरच्या टीव्हीला जोडायचे कॉम्प्युटर मिळायचे, आठवतंय? त्यांना बाहेरून फ्लॉपी ड्राइव्ह जोडावा लागायचा. मूळ कंपनीचा परवडायचा नाही, म्हणून कितीतरी लहान कारखान्यांनी आपापले ड्राइव्ह बनवून विकले. पुढे कारखाने बुडाले. डबे मात्र उरले. बेवारशी... ना नाव, ना गाव. असा डबा कुणाला माळ्यावर सापडला, की तो काकांना फोटो पाठवतो आणि विचारतो, हा कुठला?

काका आधी स्क्रू बघतात, मग मागच्या पिना. तरी नाही कळलं, तर डबा चालू करून त्यावर तळहात ठेवतात. कारण ड्राइव्ह जागा होताना आतलं हेड, म्हणजे फ्लॉपी वाचणारा भाग, पार कडेला नेऊन आपटतो. टक, टक, टक... मग गप्प. प्रत्येक जातीचे ठोके वेगळे. काका नाडी बघावी तसे ते बघतात. म्हणून या नादातली मंडळी त्यांना 'वैद्य' म्हणतात.

"बायकोचा घसा बसलाय हे कळत नाही," मावशी म्हणते, "पण डब्याचा खोकला बरोबर ओळखतात."

तर एकदा एका बाईंनी फोटो पाठवला. त्यांचे यजमान जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. ते वारले, आता दुकान आवरायचं होतं. डबा करडा, साधा. काकांनी सगळे जुने फोटो पालथे घातले. छे. वैद्यांना नाडीच सापडेना.

"एक डबा बघून येतो," एवढंच मावशीला सांगून ते निघाले. कुठे, कुणाकडे... काही नाही.

दुकानामागे एक खोली होती. खिडकी नव्हतीच. ड्राइव्हचा आवाज स्वच्छ ऐकू यावा म्हणून यजमानांनी भिंतींना आणि दाराला आतून जाड स्पंज लावला होता. दार जड, सोडलं की आपोआप मिटणारं. ते उघडं राहावं म्हणून खाली विटेएवढा काळा ठोकळा अडकवलेला होता.

"भाऊ, मी लेकीकडे निघालेय, बसची वेळ झाली," बाई म्हणाल्या. "आठवड्याने येईन. जाताना दुकानाचं दार नुसतं ओढून घ्या. पण या खोलीचं दार मिटू देऊ नका हं. आतली मूठ निघालीय."

"निर्धास्त जा, वहिनी."

बाई गेल्या.

काका डब्याशी बसले. चालू करायचा, तर त्याला वीज देणारा अडॅप्टर हवा. मागचं भोक गोल, पिना भलत्याच. खोक्यातले सगळे अडॅप्टर लावून पाहिले. एकही बसेना.

वैतागून त्यांनी मान वळवली... आणि दाराशी नजर गेली.

त्या काळ्या ठोकळ्याला वायर होती. वायरीच्या टोकाला नेमक्या तशाच पिना.

निरूपण रंगात आलं की ऐकणाऱ्याला घर आठवत नाही. काकांचं तसंच झालं. हरवलेलं लेकरू सापडल्यासारखा त्यांनी तो ठोकळा उचलला आणि टेबलाकडे वळले.

मागे...

खट.

मूठ नाही. फोन बाहेर, खुंटीवरच्या कोटात. काकांनी हाका मारल्या. स्पंजाने त्या गिळून टाकल्या. दारावर हात ठेवला, तर ते गादीसारखं मऊ. ठोकून काय होणार?

आठवडा.

पाणीसुद्धा नाही.

माणूस अडकला की जे येतं तेच करतो. काकांनी वायर लावली, बटण दाबलं आणि डब्यावर तळहात ठेवला.

टक... टक... टक...

आता थांबायला हवं होतं.

थांबलं नाही.

काका कान देऊन ऐकू लागले. यंत्राचे ठोके एकसारखे असतात. हे तसे नव्हते. एखादा जोरात, एखादा हलका. मध्येच खंड... कुणी दम खावा तसा.

त्यांनी बटण बंद केलं.

टक... टक...

वायर उपटली.

टक...

खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने त्यांनी झाकण उघडलं. आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झालेला. हेड स्क्रूने आवळून टाकलेलं. तो ड्राइव्ह कित्येक वर्षांत हललाच नव्हता.

आणि मग लक्षात आलं... त्यांच्या तळहाताला काहीच जाणवलं नव्हतं.

आवाज मागून येत होता. दारातून.

आतल्या बाजूने.

अगदी खालून... जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथून. दारावर स्पंज होता, तरी ठोके उघड्या लाकडावरचे. कोरडे.

तिथे कुणीच नव्हतं.

काका पलीकडच्या भिंतीला पाठ लावून बसले. तोंडाने देवाचं नाव, डोळे दारावर. किती वेळ गेला, कुणास ठाऊक. ठोके मंदावत गेले. अशक्त झाले.

मग थांबले.

ती शांतता काकांना ठोक्यांपेक्षा जड गेली.

आणि दार उघडलं.

दारात बाई. हातात पिशवी, छाती धपापत होती.

"केवढ्याने ठोकत होतात, भाऊ. बसमध्ये येत होते ठोके. गाव मागे पडलं तरी येतच होते. उतरले मी. परतीची गाडी मिळेस्तोवर संध्याकाळ झाली."

"वहिनी," काका म्हणाले, "मी दार ठोकलंच नाही."

बाईंनी दाराच्या खालच्या अंगाकडे पाहिलं. मग तिथेच उंबऱ्याशी बसल्या.

"हे असेच अडकले होते," त्या म्हणाल्या. "छातीत दुखायचं त्यांच्या. मी पुढे दुकानातच होते हो. खालचा स्पंज उपटून लाकडावर ठोकत होते, तो मी मागून परत चिकटवला. आवाज येत होता. पण सगळा जन्म त्या टकटकीत गेला माझा. वाटलं, डबा तपासतायत."

काकांनी बाईंच्या हाताला धरून त्यांना उठवलं आणि बाहेर आणलं.

"कुठला डबा तो, कळलं का?" बाईंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले.

डबा त्यांनी आणला नाही. पुन्हा तिकडे गेलेही नाहीत.

मावशीने मात्र त्या दिवसापासून एक नेम धरलाय. काकांच्या खोलीतून ठोके आले, की हातातलं काम टाकून ती उठते आणि जाऊन दार उघडते. प्रत्येक वेळी. आम्ही आधी हसायचो.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला होतो. खोलीतून आवाज आला. टक... टक... मध्ये खंड... टक...

मावशी उष्ट्या हाताने उठली.

मी हसलो नाही. काका माझ्या शेजारीच जेवत बसले होते.