कस्तुरीचा अर्धा चिंचोका

शंभर चिंचोके फेकले आणि त्यातले साठ पांढरे पडले, तर ती लबाडी म्हणायची का? शलाकाच्या मते म्हणायची. हजारदा म्हणायची! कारण ते साठ कस्तुरीला पडले होते.

मंगळावरच्या लालवाडीत कस्तुरी म्हणजे परग्रहावरची पाहुणी. पृथ्वीवरची, कुडाळची. शलाकाच्याच घरी ती उतरली होती. येताना पिशवीभर चिंचोके घेऊन आली, आणि शलाकाचे शास्त्रज्ञ आजोबा त्या चिंचोक्यांवर नि त्यांच्या मालकिणीवर असे काही खूश झाले की विचारू नका. "कस्तुरी, समुद्राचा वास कसा असतो गं?" दिवसभर हेच. मंगळावर जन्मली हा काय शलाकाचा गुन्हा? तिचा नुसता जळफळाट होत होता.

आजोबांच्या उडत्या गाडीत त्यांच्याशेजारी एकच जागा होती. टेकाडावरून आकाशातली पृथ्वी बघायला त्यांच्याबरोबर कोण जाणार, हे ठरवायला शाळेतल्या चाळीस मुलांनी चिंचोके फेकले. चिंचोके एका बाजूने घासून पांढरे केलेले. काळी बाजू काय नि पांढरी काय, वर येण्याची शक्यता सारखीच, हे आजोबांनी आधी तपासलं होतं. प्रत्येकाने शंभर फेकायचे, ज्याचे पांढरे जास्त त्याची जागा. शलाकाला सत्तावन्न पडले आणि ती हवेतच तरंगायला लागली. मग कस्तुरीने फेकले.

"लबाडी केली तिनं!" घरी आल्या आल्या शलाका कडाडली. "चिंचोके तिचेच. तिच्या हाताला सवय आहे."

"मी लबाडी करूक नाय," कस्तुरी दारातूनच म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"आरोप केलास ना? मग सिद्ध कर," आजोबा शलाकाला म्हणाले. "केलंस तर जागा तुझी."

शलाकाने बाह्या सरसावल्या.

"साठ किंवा जास्त पडण्याची नेमकी शक्यता काढायची, तर आधी साठची काढ, मग एकसष्टची, अशी शंभरपर्यंत काढून बेरीज कर," आजोबा म्हणाले. "यंत्र चुटकीसरशी करेल. पण मग समजणार कुणाला, यंत्राला?"

त्यांनी प्रत्येक आकड्यासाठी एकेक खांब काढला. ज्याची शक्यता जास्त, तो खांब उंच. पन्नासचा सगळ्यात उंच, दोन्हीकडे उतरत गेलेले. "याला द्विपद वितरण (दोनच निकाल असलेली फेक पुष्कळदा केली की कोणत्या आकड्याची शक्यता किती, त्याची मांडणी) म्हणतात. फेकी पुष्कळ असल्या की या खांबांच्या माथ्यावरून घंटेसारखी गुळगुळीत रेघ बसते. तो प्रसामान्य वक्र. मग खांब मोजायला नकोत, वक्राखालची जागा पाहिली की झालं."

"आणि साठ किती लांब आहेत ते कसं कळणार?"

"सरासरी पन्नास. आता शंभर फेकी गुणिले पांढऱ्याची शक्यता अर्धा गुणिले काळ्याची अर्धा, म्हणजे पंचवीस. त्याचं वर्गमूळ पाच. हे प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती भरकटतात त्याचं माप)."

शलाकाने झरझर हिशोब केला. पन्नासपासून साठ दहाने लांब, म्हणजे पाचाच्या दोन पायऱ्या. प्रसामान्य वक्राच्या कोष्टकात दोन पायऱ्यांपलीकडची शक्यता होती शेकडा दोन पूर्णांक तीन दशांश. "म्हणजे साठ पाडणारं चाळीस मुलांत एकसुद्धा पूर्ण मूल होत नाही! पडली उघडी!"

कस्तुरीने मान खाली घातली. शलाकाला फार बरं वाटलं.

"साठचा खांब कुठून सुरू होतो?" आजोबांनी शांतपणे विचारलं.

"साठपासून."

"नीट बघ. चिंचोके अर्धे पडत नाहीत, पण वक्र सलग असतो, त्याला अर्धं-पूर्ण कळत नाही. म्हणून प्रत्येक खांब एक घर रुंद काढलाय. साठचा खांब साडेएकोणसाठपासून साडेसाठपर्यंत. तू त्याच्या मधोमध सुरी चालवलीस. अगं, त्या पोरीचा अर्धा चिंचोका खाल्लास! तो परत देणं म्हणजे सातत्य दुरुस्ती."

शलाकाने पुन्हा मांडलं. पन्नासपासून साडेएकोणसाठ साडेनऊने लांब. साडेनऊ भागिले पाच, एक पूर्णांक नऊ दशांश. शक्यता शेकडा जवळजवळ तीन. आणि चाळीस मुलांत... तिचा आवाज बारीक झाला. "एकाहून थोडं जास्त."

"म्हणजे चाळीस जणांनी फेकल्यावर एखाद्याला साठ पडले, तर त्यात नवल नाही. गणित काही कस्तुरीच्या हाताची साक्ष देत नाही. पण नुसते साठ पडले म्हणून कुणाला लबाड म्हणता येत नाही. आणि चाळीस हातांपैकी तू कुणाच्या हातावर डोळा ठेवून होतीस?"

"तिच्या," शलाका म्हणाली. मग कस्तुरीकडे वळून पुटपुटली, "चुकलं माझं."

कस्तुरीने नाक पुसलं. "अर्धो चिंचोको परत दिलंस ना? मग अर्धी जागा तुझी."

दोघी काटकुळ्या, एका जागेत बसल्या. टेकाडावर सूर्य मावळला आणि एक निळसर चांदणी दिसली.

"थंय माझी आई असा," कस्तुरी चांदणीकडे बोट करून म्हणाली.

तिला ती जागा कशाला हवी होती ते शलाकाला आत्ता कळलं. तिने कस्तुरीचा हात घट्ट धरला.

"मोठी झाले की मी येणार कुडाळला," ती म्हणाली. "पण समुद्राचा वास कसा असतो ते आजोबांना मी सांगणार हं. तू नाही!"