व्हरांड्यातला मधला खांब

सात महिन्यांनी तो तिला भेटला तो यादीत. सातव्या ओळीत.

ती वाचनालयाच्या नव्या इमारतीचे नकाशे काढत होती. ऑफिसात तिला फुटपट्टी म्हणायचे, कारण ती वाकत नसे. दुपारी साहेबांनी फर्मान काढलं, की या कामावर कोण कोण आहे आणि कुणाला काय करता येतं, हे पाचच्या आत हवं. बाहेरचं कुणी असेल तर आजच काढा. हल्ली असल्या गोष्टी विचारायला एआय असतो. तिने साध्या भाषेत विचारलं, “या कामात कोणकोण आहे? कुणाला कसली परवानगी आहे?”

एआयला कुणाची भीड नव्हती. नऊ माणसं निघाली. साहेबांचे जावई, सगळ्या परवानग्या, नकाशे शेवटचे कधी उघडले – कधीच नाही. विजेचं काम बघणाऱ्या बाई, बदल करता येतात, आज सकाळी. राबणाऱ्यांना अर्धी परवानगी आणि पाय पसरून बसणाऱ्याला पूर्ण, हे तिला माहीत होतंच. ती वाचत खाली आली आणि सातव्या ओळीवर थबकली.

तो. खांब-तुळयांचा हिशोब करणारा इंजिनिअर. संस्थेबाहेरचा. बदल करू शकतो. परवानगी गटातून नाही, थेट. देणारी – तुम्ही. नकाशे शेवटचे उघडले – आज, एक वाजून दहा मिनिटांनी. त्याआधी जवळजवळ रोज, याच वेळेला.

ती उठली. पाणी प्यायली. परत बसली, परत उठली...

तो नोकरी सोडून गेला त्या दिवशी तिनेच त्याला गटातून काढलं होतं, तेही दात-ओठ खात. नकाशांवरच्या त्याच्या टिपा स्वतःला दिसायच्या बंद केल्या होत्या. पण त्याआधी एका दुपारी, दोघांची डोकी एकाच स्क्रीनवर वाकलेली असताना, त्याला एक खांब सरकवायचा होता म्हणून तिने त्याला वेगळी, एकट्याची परवानगी दिली होती. त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं होतं आणि दोघांनीही ते हलवलं नव्हतं. गटातून काढलं तरी अशी परवानगी तशीच राहते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

भांडण झालं ते व्हरांड्यावरून. वाचनालयाचं कार्ड नसलेल्या माणसालाही पुस्तक घेऊन बसता यावं, असा मोकळा व्हरांडा तिने काढला होता. भर मीटिंगमध्ये तो म्हणाला, “सुंदर आहे, पण पडेल.” आणि बरोब्बर मधोमध खांब ठोकला. त्याच दिवशी नोकरी सोडतोय हेही सांगितलं. तिने आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख वाक्य फेकलं – यापुढे काही बोलायचं असेल तर नकाशावर लिहून बोल.

तिने आता त्याच्या टिपा उघडल्या. एकच होती. चार महिन्यांपूर्वीची, मधल्या खांबाला टोचलेली. “खांब काढता येईल. तुळई दीड फूट खोल लागेल. हिशोब जोडलाय. तू बरोबर होतीस.”

घड्याळात साडेतीन. माणूस काढला की त्याच्या टिपाही जातील, असं एआय सांगत होता. तिने फोन लावला.

“फुटपट्टी,” तो म्हणाला, जणू फोन हातात धरूनच बसला होता. “काय पडलं?”

“काही नाही. खांब्या, तू माझे नकाशे रोज का उघडतोस?”

पलीकडे खुर्ची करकरली.

“रोज नाही. रविवारी नाही.”

“खांब्या...”

“व्हरांड्यात बसायला येतो. जेवणाच्या सुट्टीत.”

“तो अजून बांधलेला नाही.”

“म्हणून तर गर्दी नसते.”

तिला हसू आलं आणि स्वतःचा रागही. फोन का केला नाहीस, असं तिने विचारलं. तर म्हणाला, लिहून बोल असं तूच सांगितलं होतंस. लिहिलं. चार महिने उत्तर आलं नाही, तेव्हा मला वाटलं – हेच उत्तर.

“मी वाचलंच नव्हतं,” ती म्हणाली. “तुझं काही दिसू नये अशी सोय केली होती मी. कारण दिसलं की दिवसभर कामात लक्ष लागायचं नाही.”

आपण काय बोलून गेलो, हे तिला आत्ता कळत होतं.

“पाचला तुला काढणार आहे,” ती घाईने म्हणाली.

“काढ.”

“आणि साडेपाचला खाली पायऱ्यांवर ये. दीड फुटाची तुळई माझा उजेड खाते.”

“नाही खात.”

“खाते.”

“कागद आणतो,” तो म्हणाला.

तिने हिशोब छापून घेतला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. चूक माझी, परवानगी मीच दिली आणि काढायची राहिली, हे आधी सांगितलं. मग सांगितलं, की खांब निघतोय, पण हा हिशोब वापरायचा तर हिशोब करणाऱ्याचं नाव नकाशावर येईल. साहेबांनी बेजबाबदारपणावर दहा मिनिटं झोडपलं. बाहेरच्याचं नाव कशाला, असंही विचारलं.

“मग खांब राहू द्या,” ती म्हणाली. “आणि यादीत जावईबापूंपुढे काय लिहिलंय, तेही वाचा.”

साहेबांनी वाचलं. नाव टाकायचं ठरलं.

पाचला पाच मिनिटं कमी असताना तिने सातवी ओळ काढली. यादी आठ जणांची झाली.

खाली तो पायरीवर बसला होता, मांडीवर कागदाची गुंडाळी, कानावर पेन्सिल. केस वाढले होते. ती जरा अंतर ठेवून बसली आणि मध्ये पर्स ठेवली.

“दाखव,” ती म्हणाली.

त्याने कागद उलगडला. तो मांडीवर मावेना, पर्सवर अडकला.

तिने पर्स उचलून पलीकडे ठेवली आणि सरकली.